बाण कशाचा? ऑडिओ केबलची दिशा आणि आवाजातला खरा फरक

थोडक्यात प्रश्न असा: कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एक इंटिग्रेटेड ॲम्प, सीडी प्लेअर, टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) आणि जमिनीवर उभ्या, फ्लोअरस्टँडर स्पीकरची जोडी आहे. सीडी प्लेअर ॲम्पला जोडणाऱ्या नव्या आरसीए केबलवर (प्लगला मधे पिन, भोवती कडं) बाण छापलाय. बाण ॲम्पकडे ठेवा, उलटी लावलीत तर आवाज बसतो, असं दुकानात सांगितलं. केबल उलटसुलट करून पाहिली तेव्हा फरक ऐकूही आला. आता स्पीकरसाठी पाच-पाच मीटर वायर घ्यायची आहे, तिच्यावरही बाण आहे आणि तिची किंमत ॲम्पच्या निम्म्यावर जातेय. बाण पाळायचा का, आणि एवढे पैसे घालायचे का?

स्पीकर वायरवरचा बाण विसरा आणि पैसे घालू नका. आरसीए केबलवरचा बाण पाळा, त्यात तोटा काही नाही. पण तो तांब्याबद्दल काहीच सांगत नाही. प्लगच्या आत जाळी, म्हणजे तारांभोवतीचं गोंगाट अडवणारं धातूचं विणकाम, कुठल्या टोकाला जोडली आहे एवढंच सांगतो. आणि तुम्हाला ऐकू आलेला फरक खरा असू शकतो, फक्त त्याचं श्रेय दिशेला देऊ नका. प्लग उपसून पुन्हा घातले गेले, हे बहुतेक वेळा खरं कारण असतं.

तारेला दिशा का नसते

जाहिरातीतला युक्तिवाद असा की तांब्याची तार डायमधून, म्हणजे साच्याच्या बारीक भोकातून, ओढून बारीक करताना आतले स्फटिककण ओढीच्या दिशेने लांबट होतात, म्हणून प्रवाह एका बाजूने सुरळीत जातो आणि दुसऱ्या बाजूने अडखळतो. यातला पहिला भाग खरा आहे. कण लांबट होतात, आणि नंतर तार मऊ करण्यासाठी तापवली की पुन्हा नवे कण तयार होतात. दुसरा भाग कुठल्याच मोजमापात दिसत नाही.

तरी तो क्षणभर खरा मानू. ऑडिओ सिग्नल एसी असतो. १ किलोहर्ट्झच्या सुरात प्रवाह सेकंदाला २,००० वेळा दिशा बदलतो. तार एका बाजूने ‘वाईट’ असेल तर प्रत्येक लहरीचा एक अर्धा भाग बिघडेल. केबल उलटी केलीत की दुसरा अर्धा बिघडेल. बिघाड तेवढाच राहील. शिवाय सर्किट पुरं व्हायला दोन तारा लागतात. एकीतून प्रवाह जातो त्याच क्षणी दुसरीतून परत येतो. दोन्ही तारा एकाच दिशेने ओढलेल्या असतील तर त्यातली एक कायमच ‘उलटी’ असणार. म्हणजे सिद्धांत जसाच्या तसा मान्य केला तरी केबल फिरवून काहीच पदरात पडत नाही. हा मुद्दा मांडला की विक्रेते विषय बदलतात, असा साधारण अनुभव आहे.

असा एकतर्फी दोष असता तर तो सेकंड हार्मोनिकच्या, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट वारंवारतेच्या भेसळीच्या, रूपात लगेच पकडता आला असता. रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर आणि कुठलाही बरा यूएसबी ऑडिओ इंटरफेस पुरतो. इंटरफेसचं आउटपुट त्याच केबलने त्याच्याच इनपुटला जोडा, १ किलोहर्ट्झ सोडा, डिस्टॉर्शनचा (सुरातल्या बिघाडाचा) आलेख साठवा. केबल उलटी करून पुन्हा मोजा. दोन्ही आलेख एकावर एक बसतात. जो बारीक फरक दिसतो तो केबलला हात न लावता दोनदा मोजलं तरी तेवढाच दिसतो. ही तिसरी मोजणी लोक करत नाहीत, आणि मग दोन रेषांमधल्या केसाएवढ्या फटीवर मोठमोठे निष्कर्ष काढतात.

हल्ली दावा थोडा बदललाय: सिग्नलचं राहू द्या, पण मोबाइल-वायफायचा रेडिओ गोंगाट तार एका दिशेला जास्त वाहून नेते, म्हणून दिशा महत्त्वाची. तारेत ट्रान्झिस्टर नाही, चुंबकीय युक्ती नाही. अशा साध्या निष्क्रिय जोडणीतून सिग्नल जेवढा इकडून तिकडे जातो तेवढाच तिकडून इकडे येतो, मग तो २० हर्ट्झ असो की २ गिगाहर्ट्झ. दोन टोकांची जोडणीच वेगळी केली असेल तरच फरक पडतो. बाणाचं खरं काम तिथे आहे.

बाण खरा असतो तेव्हा

बाणवाली आरसीए केबल उघडून पाहता येते. प्लगचं मागचं नळकांडं आटे फिरवून मागे सरकवा. आत बहुधा दोन कोअर (वेगवेगळ्या आवरणातल्या तारा) आणि त्यांच्याभोवती जाळी, म्हणजे माइकला वापरतात तसली वायर असते. एक कोअर मधल्या पिनेला, दुसरी बाहेरच्या कड्याला. जाळी एका टोकाला कड्याच्या सोल्डरमध्येच धरलेली असते. दुसऱ्या टोकाला मात्र ती बाहेरच्या आवरणाबरोबर कापून वर हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवलेलं असतं. जाळी जोडलेलं टोक सोर्सकडे, म्हणजे सीडी प्लेअरकडे, आणि कापलेलं ॲम्पकडे. बाण या मांडणीची खूण आहे. जाळीने झेललेला गोंगाट सोर्सच्या ग्राउंडमध्ये जावा, परतीच्या सिग्नलच्या वाटेत येऊ नये, असा त्यामागचा विचार. उलटी लावलीत तर मीटरभराच्या केबलमध्ये बहुतेक घरांत काहीही घडत नाही. जवळ वायफाय राउटर किंवा डिमर असेल तर क्वचित कणभर फरक पडू शकतो.

पण या रचनेत एक खोट आहे आणि ती बाणापेक्षा महत्त्वाची आहे. आरसीए जोडणीत परतीची वाट म्हणजेच ग्राउंड. दोन यंत्रांच्या चॅसिसमध्ये विजेच्या लाइनमुळे थोडा ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतच असतो, आणि तो याच वाटेने जातो. वाटेचा रेझिस्टन्स गुणिले तो प्रवाह, एवढा व्होल्टेज सरळ तुमच्या संगीतात मिसळतो. आकडे घालून पाहू. समजा हा प्रवाह १ मिलिॲम्पिअर आहे. दोन-कोअर केबलमधली परतीची २४ गेजची कोअर मीटरला सुमारे ८४ मिलिओहम, म्हणजे ८४ मायक्रोव्होल्ट घरघर. घरगुती लाइन लेव्हलच्या, म्हणजे यंत्रायंत्रांमधल्या सिग्नलच्या ठरलेल्या पातळीच्या, ०.३१६ व्होल्टच्या तुलनेत ती ७१ डेसिबल खाली. दाट तांब्याच्या जाळीची चांगली कोॲक्स (मधे एक तार, भोवती जाळी) घेतली तर जाळी मीटरला १० मिलिओहमच्या आसपास. घरघर १० मायक्रोव्होल्ट, ९० डेसिबल खाली. रात्री शांत खोलीत, तानपुऱ्यावर आलाप चालू असताना, पहिली ऐकू येऊ शकते आणि दुसरी येत नाही. म्हणजे साध्या आरसीएसाठी बाण नसलेली जाड जाळीची कोॲक्स ही बाणवाल्या दोन-कोअर केबलपेक्षा सरस. महागडी केबल स्वस्त कोॲक्सपुढे हरते ती अशी.

हा रेझिस्टन्स साध्या मल्टीमीटरवर कळत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या तारा ०.२ ते ०.३ ओहम खातात. पण घरबसल्या मोजता येतो. ५ व्होल्टचा, किमान २ ॲम्पिअरचा साधा मोबाइल चार्जर, ४.७ ओहम १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर आणि केबल एका माळेत जोडा: चार्जरचं प्लस, रेझिस्टर, केबलच्या एका टोकाचं बाहेरचं कडं, दुसऱ्या टोकाचं कडं, चार्जरचं मायनस. सुमारे १ ॲम्पिअर वाहतो. आता मीटर २०० मिलिव्होल्ट डीसीवर ठेवून दोन्ही कड्यांवर प्रोब टेकवा. प्रोब कड्यालाच टेकवायचे, क्रोकोडाइल क्लिपला नाही, नाहीतर क्लिपचा रेझिस्टन्सही मोजला जाईल. जितके मिलिव्होल्ट दिसतील तितकेच जवळपास मिलिओहम. टीव्हीच्या खोक्यात फुकट येणारी लाल-पांढरी मोल्डेड केबल मोजाल तर तिथे आकडा फुगलेला दिसतो, कारण आत जाळी नसतेच, चार-दोन केसांएवढ्या तारा गुंडाळलेल्या असतात. रेझिस्टर चांगलाच तापतो, तेव्हा तो टाइलवर ठेवा आणि अर्ध्या मिनिटात चाचणी आटपा. जाताजाता केबल उलटी करून पुन्हा मोजा. हा डीसी आहे, एकाच दिशेने जाणारा. तारेला दिशा असती तर इथे तरी दिसली असती. आकडा तोच येतो.

बॅलन्स्ड एक्सएलआर केबलमध्ये (माइक-मिक्सरची तीन पिनांची केबल) दिशा प्लगनेच ठरवून दिलेली आहे. पिना जिकडे पाहतात तिकडे सिग्नल जातो. भोकांचं टोक माइककडे, पिनांचं मिक्सरकडे. शील्डबद्दल, म्हणजे जाळीबद्दल, ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीचं २००५ चं एईएस-४८ हे मानक म्हणतं की पिन १ थेट चॅसिसला जोडा. दोन्ही यंत्रं तशी नीट बांधलेली असतील तर शील्ड दोन्ही टोकांना जोडूनही घरघर येत नाही. जुन्या यंत्रांत पिन १ आतल्या सर्किटच्या ग्राउंडला नेलेली असते. तिथे घरघर आली की लोक एका टोकाला शील्ड सोडवतात. सोडवायचीच तर घेणाऱ्या टोकाची सोडवा आणि केबलवर ठळक खूण करा, कारण अशी केबल चुकून कंडेन्सर माइकला लागली तर माइक मुकाच राहतो. अशा माइकला केबलमधूनच लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर पिन २ आणि ३ मधून जाते आणि परत येते ती पिन १ मधून. कार्यक्रमाच्या आधी पाच मिनिटं ‘माइक गेला’ म्हणून जी धावपळ होते तिच्यामागे कधी कधी एवढंच असतं. मीटर बीपवर ठेवून पिन १ ते पिन १ तपासा. बीप आला नाही तर ती केबल बाजूला काढा.

आणि एचडीएमआय. ऑप्टिकल किंवा ॲक्टिव्ह एचडीएमआय केबलला खरीखुरी दिशा असते, कारण प्लगच्या आत चिप बसवलेली असते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ असं छापलेलं असतं, आणि उलटी लावली की चित्रच येत नाही. बाणेर-वाकडच्या नव्या फ्लॅटमध्ये इंटिरियरचं काम चालू असताना ती भिंतीतल्या पाइपातून उलटी ओढली जाते, वर पीओपी होतं, आणि मग फोडाफोडी. पाइप २५ एमएमचा घ्या, कोपऱ्यावर एल्बोऐवजी मोठा वळसा द्या, आणि पीओपीवाल्याला हात लावू देण्याआधी टीव्ही जोडून चित्र बघा. ऑप्टिकल टॉसलिंक आणि साधी ७५ ओहमची डिजिटल कोॲक्स मात्र कशीही लावा.

उलटी केल्यावर फरक का ऐकू येतो

तांब्याच्या ऑक्साइडचे रेक्टिफायर, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड, १९२० च्या दशकापासून खरोखर वापरात होते. तांब्याच्या चकतीवर ऑक्साइडचा थर, आणि प्रवाह त्या थरातूनच जाणार. त्यामुळे ‘तांब्यात डायोड असतो’ या बोलण्याला कुठेतरी मूळ आहे. पण तारेत ऑक्साइड पृष्ठभागावर असतो, प्रवाहाला आतून मोकळी वाट असते. प्रवाहाच्या वाटेत ऑक्साइड आडवा येतो तो जोडावर: आरसीएचं कडं, स्पीकरची स्प्रिंग क्लिप, हेडफोनचा जॅक.

पुण्याचा पावसाळा या जोडांना चांगला मानवत नाही. जून ते सप्टेंबर न हलवलेले निकेलचे प्लग निस्तेज होतात, पितळी सॉकेट हिरवट पडतं, क्लिपमध्ये दाबलेली उघडी तांब्याची वेणी काळी पडते. असा जोड मग कधी लागतो, कधी लागत नाही. हळू आवाजात एक चॅनल दबतो, खरखरतो, आवाजाचं चित्र एका बाजूला झुकतं. तुम्ही ‘दिशा तपासायला’ केबल काढता, पुन्हा खोचता, आणि घासण्याने जोड साफ होतो. आवाज सुधारतो, आणि श्रेय बाणाला. खात्री करायची तर केबल काढून त्याच दिशेने परत लावा आणि ऐका.

दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत एवढं करा: सगळं बंद करून प्लग सॉकेटमध्ये तीन-चारदा फिरवत आत-बाहेर करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सैल कडं चिमट्याने हलकेच आवळा. स्पीकर वायरचं काळं पडलेलं टोक सेंटीमीटरभर कापून नवं सोला. त्या टोकाला सोल्डर मारून स्क्रूखाली आवळू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतो आणि महिन्याभरात स्क्रू सैल होतो. वेणी तशीच पिळून लावा, किंवा फेरूल (टोकावर दाबायची धातूची टोपी) अथवा बनाना प्लग वापरा.

दुसरी कारणं कानाबाहेरची. केबल बदलायला दोन मिनिटं जातात आणि तेवढ्यात कानाला आधीचा आवाज नेमका आठवत नाही. व्हॉल्यूमचं बटण रेसभर हलतं. अर्ध्या डेसिबलचा फरक ‘मोठा’ असा न वाटता ‘जास्त मोकळा’ असा वाटतो. काय बदललं हे ठाऊक असलं की मन उरलेलं काम करून टाकतं. कुणाचेही कान याला अपवाद नाहीत.

म्हणून चाचणी अशी: केबलच्या दोन्ही टोकांच्या खुणा चिकटपट्टीने झाका. घरातल्या कुणाला तरी नाणं उडवून केबल सुलटी किंवा उलटी लावायला सांगा, तुम्ही खोलीबाहेर थांबा. उलटवायची नसली तरी त्यांनी ती काढून पुन्हा लावायचीच, म्हणजे जोड घासण्याचा भाग दोन्हीकडे सारखा. व्हॉल्यूमला हात नाही. तोच तीस सेकंदांचा तुकडा, सोळा वेळा. तुम्ही फक्त ‘सुलटी’ किंवा ‘उलटी’ लिहायचं. नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त उत्तरं बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. तेवढी आली तर चाचणी पुन्हा करा, आणि दुसऱ्यांदाही आली तर मात्र केबल उघडून आत काय आहे ते बघा. दोन वेगवेगळ्या केबलची तुलना करायची असेल तर आधी पातळी जुळवावी लागते: स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजून फरक १ टक्क्याच्या आत आणा. टोन ३०० हर्ट्झच्या आसपासचा घ्या. स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या वर खोटं बोलतात.

जी दिशा खरोखर तपासावी

दोन पिनी प्लगची. जुना ट्रान्सफॉर्मरवाला टेपडेक, ट्यूनर किंवा सीडी प्लेअर बहुधा दोन पिनी असतो, आणि फेज-न्यूट्रल उलट झाले की चॅसिसवर गळणारा प्रवाह बदलतो, कारण ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याचं एक टोक चॅसिसला जास्त जवळ असतं. हाच प्रवाह वरच्या हिशेबातल्या परतीच्या वाटेने जातो. त्या यंत्राच्या सगळ्या आरसीए काढा, ते चालू करा. मीटर ७५० व्होल्ट एसीवर. एक प्रोब त्याच्या आरसीए सॉकेटच्या कड्याला, दुसरा नीट अर्थिंग असलेल्या तीन पिनी ॲम्पच्या चॅसिसच्या उघड्या स्क्रूला. सॉकेटच्या भोकात प्रोब घालू नका. आकडा लिहा, प्लग उलटा करून पुन्हा बघा. कमी आकड्याची बाजू खरी, तिच्यावर खूण करा. ८० आणि २५ असले आकडे दिसले तरी दचकू नका, मीटर जवळपास प्रवाह घेतच नाही म्हणून ते मोठे दिसतात. एसएमपीएसवाल्या (मोबाइल चार्जरसारख्या वीजपुरवठ्याच्या) नव्या यंत्रांत फरक जेमतेम पडतो.

घरघर तरीही असेल तर आधी केबल टीव्हीची किंवा डिशची कोॲक्स सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. ती बाहेरून वेगळं ग्राउंड घेऊन येते आणि ॲम्पच्या अर्थिंगशी लूप तयार करते. घरघर थांबली तर कोॲक्सच्या वाटेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन ग्राउंड तोडणारा जोड) लावा. ऑडिओची सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतली तरी पुष्कळ काम होतं. ॲम्पची अर्थिंगची पिन कापणे हा उपाय नाही. तो विजेचा धक्का आणून घरात ठेवणं आहे. पेठांतल्या काही जुन्या वायरिंगमध्ये तीन पिनी सॉकेटचं वरचं भोक नुसतंच दिखाव्याचं असतं, तेव्हा आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि मग केबलचा विचार करा.

स्पीकरची वायर

इथे दिशा नाही, पोलॅरिटी आहे. लाल लालला, काळं काळ्याला. एका स्पीकरची उलटली की बेस गायब होतो आणि गायकाचा आवाज मधून न येता खोलीभर पसरतो. शंका असेल तर वायर ॲम्पपासून सोडवून तिच्या टोकांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. प्लस लालवर असताना वूफर बाहेर यायला हवा.

बाकी सगळा खेळ जाडीचा. आपल्याकडे वायर ‘दीड एमएम’, ‘अडीच एमएम’ म्हणून विकतात. ते चौरस मिलिमीटर, व्यास नव्हे. बारीक तारांच्या लवचीक तांब्याचा कमाल रेझिस्टन्स मीटरला असा: अर्ध्या एमएमला ३९ मिलिओहम, दीडला १३.३, अडीचला ७.९८. पाच मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर. आठ ओहमचा म्हणून विकलेला स्पीकरही प्रत्यक्षात एखाद्या वारंवारतेला ३.२ ओहमपर्यंत खाली आणि क्रॉसओव्हरजवळ (वूफर-ट्वीटरची वाटणी होते तिथे) २० पर्यंत वर जातो. अर्ध्या एमएमच्या वायरमध्ये या दोन ठिकाणच्या पातळीत ०.८ डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे स्पीकरचा स्वभावच थोडा बदलतो, आणि हे ऐकू येतं. दीड एमएममध्ये तो ०.३ वर येतो, अडीचमध्ये ०.२ च्याही खाली. तिथून पुढे जाड करण्यात अर्थ नाही. डावी तीन मीटर आणि उजवी पाच मीटर असली तरी चालते. अडीच एमएममध्ये आठ ओहमवर फरक ०.०४ डेसिबलपेक्षा कमी, त्यामुळे उरलेली वायर स्पीकरमागे वेटोळी करून ठेवायची गरज नाही. ‘बर्न-इन’ने, म्हणजे वाजवत ठेवून मुरवण्याने, वायर सुधारत नाही, तीन आठवड्यांत कानाला सवय होते, आणि दुकानाची वस्तू परत घेण्याची मुदत संपते.

म्हणून पाच मीटरसाठी अडीच एमएमची दोन-कोअर लवचीक तांब्याची वायर, आयएस ६९४ (विजेच्या वायरचं भारतीय मानक) आणि आयएसआयचा शिक्का असलेली, बस्स. फिनोलेक्स तर आपल्या पिंपरीचीच. पुण्याच्या तपकीर गल्लीत ‘स्पीकर वायर’ म्हणून मीटरवर कापून मिळणारी पारदर्शक वायर घ्यायची असेल तर सावध. तिच्यात पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. एक तार ब्लेडने खरवडा: आतून चांदीसारखी निघाली तर ॲल्युमिनियम. वरून पांढरी आणि आतून लाल, तर ते कथलाचा हात दिलेलं तांबं, चालेल. लायटरच्या ज्योतीत ॲल्युमिनियमची बारीक तार वितळून तुटते, तांब्याची लाल होऊन तशीच राहते. वजनही बोलतं: अडीच एमएमच्या दोन-कोअर दहा मीटरमध्ये नुसतं तांबंच सुमारे ४५० ग्रॅम भरायला हवं, मुलाम्याची वायर आवरणासकट धरूनही हाताला हलकी लागते.

टर्नटेबल: इथे केबल खरंच आवाज बदलते

सीडी प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स (सिग्नलला आतून होणारा अडथळा) १०० ओहमच्या घरात. दोन मीटर केबलची २०० पिकोफॅरड कपॅसिटी (विद्युतभार साठवण्याची क्षमता) त्याच्यासोबत वरचे सूर कापू लागते ती ८ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे ऐकण्याच्या पट्ट्यापासून कोसभर दूर. माइकची २०० ओहमची लाइन मंडपात १०० मीटर ओढली तरी कापणी ८० किलोहर्ट्झला. टर्नटेबलच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचं (सुई बसते त्या भागाचं) मात्र वेगळं. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई मध्ये ५५० मिलिहेन्रीचं वेटोळं आहे आणि त्याला एकूण १०० ते २०० पिकोफॅरड लोड हवा. २०० वर रेझोनन्स (सूर फुगतो ती जागा) १५ किलोहर्ट्झला पडतो. ४०० केलेत तर तो १०.७ पर्यंत खाली सरकतो. मग सतार आणि झांजांना एक टोचरी धार येते आणि त्याच्या वरचं सगळं गळून पडतं. ‘ही केबल ब्राइट आहे’ असं म्हणतात ते इथे अक्षरशः खरं असतं, आणि त्याचं कारण पिकोफॅरडमध्ये मोजता येतं. इलेक्ट्रिक गिटारच्या लांब केबलचंही गणित हेच.

बेरीज करा: टोनआर्मच्या (सुईच्या दांड्याच्या) आतल्या तारा, केबल आणि फोनो स्टेजचं (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागाचं) स्वतःचं इनपुट, जे बऱ्याच ॲम्पमध्ये एकटंच १०० च्या वर असतं. केबलला उरतात जेमतेम ६०-७०. म्हणून टर्नटेबलची केबल मीटरभर किंवा त्याहून आखूड, आणि मीटरला ७० पिकोफॅरडच्या आतली. कपॅसिटी मोजणारा मल्टीमीटर असेल तर दोन्ही टोकं मोकळी ठेवून पिन आणि कडं यांच्यात मोजा, आणि प्रोब हवेत धरल्यावर दिसणारा आकडा त्यातून वजा करा.

स्वतः बनवायची तर फोम इन्सुलेशनची, शुद्ध तांब्याच्या दाट जाळीची आरजी-५९ घ्या. डिश टीव्हीची आरजी-६ नको: तिची जाळी ॲल्युमिनियमची असते, सोल्डर धरत नाही, आणि मधली तार बहुधा तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद. प्लगचं नळकांडं आधी केबलमध्ये ओवा. हे विसरून सोल्डर झाल्यावर कपाळाला हात लावणारे रोज भेटतात. बाहेरचं आवरण १५ मिमी सोला, जाळी एका बाजूला पिळून घ्या, मधली तार ५ मिमी उघडी करा. दोन्हींना आधी वेगवेगळा सोल्डर पाजा. सोल्डरगन ३५० अंशांवर, आणि जोडावर दोन-तीन सेकंदच. जास्त धरलीत तर फोम वितळून मधली तार जाळीकडे सरकते आणि आज नाही तर उद्या शॉर्ट होते. प्लगचा चिमटा आवरणावर आवळा, जाळीवर नाही. थंड झाल्यावर मीटर बीपवर: पिन ते पिन बीप, कडं ते कडं बीप, पिन ते कडं गप्प. तिन्ही तपासण्या केबल प्लगपाशी वाकवत, हलवत करा, कारण कच्चा जोड हलवल्याशिवाय सापडत नाही. जाळी दोन्ही टोकांना जोडलेली आहे, तेव्हा या केबलवर बाण काढायची गरज नाही.